चामड्याच्या पिशवीचं बजेट कसं झालं

दुपारची वेळ आहे. कुणी धान्य निवडत असेल, कुणी शेतातून येऊन नुकतीच टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे आमच्याकडे द्या. आज आम्ही एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही हा शब्द ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘बजेट’.

लग्न ठरलं की पाहुणे विचारतात, “बजेट किती धरलंय?” साडीच्या दुकानात आपण म्हणतो, “भाऊ, आमच्या बजेटमधलं दाखवा.” फेब्रुवारी लागला की टीव्हीवर दिवसभर बजेटच चालू असतं. मोबाइलच्या दुकानात ‘बजेट फोन’ म्हणजे स्वस्तातला फोन. आणि अंगणवाडीचं छत गळतंय, दुरुस्त करा, असं सांगायला गेलं की उत्तर येतं, “ताई, यंदा बजेट नाही.”

एका शब्दाला किती अर्थ झाले बघा. लग्नघरात तो अंदाज, दुकानात ऐपत, टीव्हीवर सरकारचा वर्षाचा हिशेब, मोबाइलमध्ये स्वस्ताई आणि पंचायतीत चक्क पैसा. या शेवटच्या उत्तरानं आपल्यातल्या कितीतरी जणी गप्प होऊन घरी परतल्या आहेत. बजेट नाही म्हटल्यावर पुढं काय बोलायचं? जणू देवानंच तसं लिहून ठेवलंय. म्हणून आम्ही ठरवलं की आपल्याला गप्प बसवणारा हा शब्द मुळात कुठून आला, ते एकदा नीट बघू.

पिशवी आणि पोट

बजेट हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, हे खरं. पण तो इंग्रजांचाही घरचा नव्हे. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला. जुन्या फ्रेंच भाषेत ‘बूज’ म्हणजे चामड्याची पिशवी. आपल्याकडे थैल्याची लहान ती थैली, तशी बूजची लहान ती ‘बूजेत’. प्रवासाला निघालेला माणूस पैसे, कागद, किडूकमिडूक वस्तू या बूजेतमध्ये घालून कमरेला किंवा घोड्याच्या खोगिराला बांधायचा.

त्याच्याही मागं जाता येतं. दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्सच्या मुलखात गॉल नावाचे लोक राहत. रोमन लोकांनी त्यांचा मुलूख जिंकला. एका रोमन पंडितानं लिहून ठेवलं आहे की हे गॉल लोक चामड्याच्या पिशवीला ‘बुल्गा’ म्हणतात. या बुल्गाचीच पुढं बूज झाली आणि बूजची बूजेत. गॉल लोकांच्या नात्यातली एक भाषा आजही आयर्लंड देशात बोलली जाते. तिच्यात ‘बोल्ग’ हा शब्द आहे आणि त्याचे दोन अर्थ आहेत, पिशवी आणि पोट. आपल्याला यात नवल वाटायला नको. गर्भाशयाला आपण पिशवीच म्हणतो, आणि पोटाला चिमटा घेऊन जे उरतं ते पिशवीत ठेवतो. पोट आणि पिशवी यांचं नातं बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आता ही फ्रेंच पिशवी इंग्लंडला कशी गेली? १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या विल्यम नावाच्या सरदारानं इंग्लंड जिंकलं. तो राजा झाला. त्यानंतर दोनशे-तीनशे वर्षं तिथल्या दरबाराची आणि बड्या लोकांची भाषा फ्रेंच होती. राज्यकर्त्यांची भाषा हिशेबात आधी शिरते. आपल्याकडेही तेच झालं. जमा, खर्च, हिशेब, वसूल हे शब्द आज अस्सल मराठी वाटतात, पण ते अरबी-फारसीतून सुलतानांच्या कारभारातून आपल्याकडे आले. तसे मनी, टॅक्स, रेंट हे इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत. बूजेतही त्याच वाटेनं गेली आणि पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजांच्या तोंडी तिचं ‘बजेट’ झालं.

पण लक्षात ठेवा, तेव्हाही बजेट म्हणजे पिशवीच. गावोगाव फिरून भांडी सांधणारा कारागीर आपली हत्यारं बजेटमध्ये घालून पाठीवर टाकायचा. शेक्सपिअर या प्रसिद्ध नाटककाराच्या एका नाटकात अशा कारागिरांच्या डुकराच्या कातड्याच्या बजेटचा उल्लेख आहे. पाणी वाहून न्यायच्या चामडी पिशव्यांच्या जोडीलाही तिकडं याच घराण्यातला शब्द होता. म्हणजे आपली पखालच म्हणा ना. पत्रांनी भरलेली थैली आली की तिलाही बजेट म्हणत आणि त्यावरून भरपूर बातम्या आल्या की ‘बातम्यांचं बजेट आलं’ असं म्हणायची पद्धत पडली. आपण ‘गप्पांचं गाठोडं सोडलं’ म्हणतो, तसंच.

पिशवी उघडली

मग या पिशवीचा आणि सरकारच्या पैशाचा संबंध कधी आला? त्यासाठी आपल्याला १७३३ सालात जायला हवं. इंग्लंडचा कारभार तेव्हा रॉबर्ट वॉलपोल नावाच्या मंत्र्याच्या हातात होता. त्यानं दारू आणि तंबाखूवर नव्या पद्धतीनं कर बसवायचा बेत केला. त्या करासाठी सरकारी माणसं गोदामांत आणि दुकानांत शिरून माल तपासणार होती. लोक खवळले. आज तंबाखूवर आहे, उद्या खाण्यापिण्याच्या जिनसांवर येईल, अशी भीती पसरली.

त्या वर्षी वॉलपोलच्या विरोधात एक पुस्तिका निघाली. तिचं नाव होतं ‘बजेट उघडलं’. तिच्यात वॉलपोलला जत्रेतल्या भोंदू औषधविक्याच्या जागी बसवलं होतं. असा विक्या आपण सगळ्यांनी पाहिलाय. गर्दी जमवतो, मोठमोठ्या बाता मारतो, मग पिशवी उघडून एकेक पुडी काढतो आणि सगळ्या रोगांवर हाच इलाज म्हणतो. या मंत्र्याच्या पिशवीतूनही असंच काहीतरी निघणार, असा त्या पुस्तिकेचा टोमणा होता. लोकांचा विरोध इतका वाढला की वॉलपोलला तो कर मागं घ्यावा लागला.

कर गेला, पण टोमणा राहिला. दर वर्षी मंत्री सभेत हिशेब मांडायला उभा राहिला की लोक म्हणू लागले, चला, आज पिशवी उघडणार. आधी चेष्टेत म्हणत, मग चेष्टा विरून गेली आणि तो रीतसर शब्द झाला. ‘बजेट उघडणं’ म्हणजे राज्याची जमा किती, खर्च किती, कर किती, हे लोकांच्या प्रतिनिधींपुढं मांडणं. हळूहळू पिशवी विसरली गेली आणि आतल्या कागदांनाच बजेट म्हणू लागले. आपण म्हणतो की मुलानं शाळेत डबा खाल्ला. मुलगा काही पत्र्याचा डबा खात नाही, डब्यातली भाजीपोळी खातो. शब्द भांड्यावरून आतल्या वस्तूवर असा सरकतो.

तरी पिशवीची खूण कुठंतरी राहिलीच. ग्लॅडस्टन नावाच्या इंग्रज अर्थमंत्र्यासाठी १८६०च्या सुमाराला लाल चामड्यानं मढवलेली एक लाकडी पेटी केली गेली. पुढं दीडशे वर्षं तिथले बहुतेक अर्थमंत्री बजेटच्या दिवशी तीच पेटी हातात धरून सभेला जात.

बाई होऊन गेली, बुवा होऊन आली

आता फ्रेंचांकडे परत वळू. आपलीच पिशवी इंग्लंडात जाऊन साहेब झालेली त्यांनी पाहिली आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द परत आणला. गेली तेव्हा ती फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी होती, ती बूजेत. परत आली तेव्हा पुल्लिंगी झाली, तो ‘ब्यूजे’. बाईच्या कमरेची पिशवी सरकारदरबारी गेली की पुरुष होते, असं कुणी चेष्टेनं म्हटलं तर आम्ही त्यांना अडवणार नाही. हिंदीतही तो बजट. मराठीनं मात्र ते बजेट म्हणून दोघांपासून सारखं अंतर ठेवलं.

फ्रान्सला या शब्दाची गरज का पडली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथं राजाचा खजिना म्हणजे राजाचं गुपित. कर शेतकऱ्यानं आणि कष्टकऱ्यानं भरायचा, बरेचसे सरदार आणि धर्मगुरू त्यातून सुटलेले, आणि पैसा कुठं जातो हे विचारायची सोय नाही. १७८१ साली राजाचा अर्थमंत्री नेकर यानं पहिल्यांदा जमाखर्च छापून लोकांपुढं ठेवला. लोकांनी ते पुस्तक विकत घेण्यासाठी झुंबड केली. दरबाऱ्यांना किती देणग्या आणि पेन्शनी जातात, हे त्यात दिसत होतं. पण त्या हिशेबात एक चोरखिसा होता. अमेरिकेतल्या युद्धासाठी जो अफाट खर्च चालला होता, तो त्यात धरलाच नव्हता. म्हणून हिशेबात शिल्लक दिसत होती आणि प्रत्यक्षात राज्य कर्जात बुडत होतं. नेकरची तेव्हाची कारकीर्दही त्याच वर्षी संपली. पिशवी उघडली म्हणजे सगळं दिसलं असं होत नाही, चोरखिसाही चाचपावा लागतो, हे आपण यातून शिकायचं.

पुढं आठच वर्षांत, १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये क्रांती झाली. ऑक्टोबरच्या पाच तारखेला पॅरिसच्या हजारो बायका पाव मिळत नाही, महाग झालाय म्हणून पावसात चालत राजाच्या व्हर्सायच्या महालावर गेल्या. त्यांत बाजारात मासळी विकणाऱ्या बायका पुढं होत्या. दुसऱ्या दिवशी राजाराणीला त्यांच्याबरोबर पॅरिसला यावं लागलं. त्याच वर्षी क्रांतिकारकांनी माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात दोन कलमं खास पैशाची आहेत. कर कशासाठी लागतो आणि तो कसा खर्च होतो हे पाहण्याचा हक्क नागरिकांना आहे, असं एक सांगतं. सरकारी माणसाकडे त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याचा हक्क समाजाला आहे, असं दुसरं सांगतं.

पण नागरिक म्हणजे कोण? पुरुष. ओलँप द गूज नावाच्या एका लेखिकेनं १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. कर बायकाही भरतात, कष्ट बायकाही करतात, तर हिशेब पाहण्याचा हक्क त्यांनाही हवा, असं तिनं त्यात मांडलं. दोन वर्षांनी, १७९३ मध्ये, राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिलं म्हणून तिला मृत्युदंड दिला गेला. फ्रान्सच्या बायकांना मत द्यायचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं.

कुणाला तराजू दिसला, कुणाला घर

फ्रेंचांकडून आणि इंग्रजांकडून हा शब्द जगभर पसरला. तुर्की भाषेत तो ‘ब्युत्चे’ झाला, फारसीत ‘बुदजे’, रशियात ‘ब्युजेत’. आपण अनेक शब्द फारसीतून घेतले, आणि फारसीनं हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. भाषांच्या घरांत अशी उसनवारी चालूच असते. वाटीभर साखर नेली तर परत द्यावी लागते, शब्द नेला तर देणाऱ्याच्या घरातलं काही कमी होत नाही.

काही भाषांनी मात्र ही पिशवी घेतली नाही, आपला शब्द लावला. अरबीत सरकारच्या बजेटला ‘मीझानिया’ म्हणतात. तो ‘मीझान’ म्हणजे तराजू या शब्दावरून आला. इटलीतला ‘बिलान्चो’ हा शब्दही दोन पारड्यांच्या तराजूवरूनच आला. एका पारड्यात जमा, दुसऱ्यात खर्च. स्पॅनिश भाषेत ‘प्रेसुपुएस्तो’ म्हणतात. त्याचा अर्थ आधीच गृहीत धरलेलं, म्हणजे आपला अंदाज.

आम्हाला सगळ्यांत आवडला तो जर्मन लोकांचा शब्द. ते देशाच्या बजेटला ‘हाउसहाल्ट’ म्हणतात. हाउस म्हणजे घर. हाउसहाल्ट म्हणजे घर चालवणं, घरसंसार. आपल्या घरच्या तेलामिठाच्या हिशेबाला जो शब्द, तोच देशाच्या लाखो कोटींच्या हिशेबाला. ज्याला आज मोठमोठे लोक ‘इकॉनॉमी’ म्हणतात, तो शब्दही जुन्या ग्रीक भाषेत घराच्या कारभारासाठीच होता. तेव्हा बजेट हा बायकांना न कळणारा विषय आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दोन शब्द सांगा.

मराठीनं काय केलं? दोन शब्द केले. ‘अंदाजपत्रक’ आणि ‘अर्थसंकल्प’. अंदाजपत्रक साधा शब्द आहे, पुढच्या वर्षाचा अंदाज लिहिलेला कागद. अर्थसंकल्प या शब्दात जरा जास्त वजन आहे. अर्थ म्हणजे पैसा. आणि संकल्प काय असतो ते आपल्याला माहीत आहे. पूजेला बसल्यावर हातावर पाणी घेऊन, कोण, कुठं, कशासाठी हे बोलून सोडतात तो संकल्प. तो मनातल्या मनात ठेवत नाहीत, सगळ्यांसमोर बोलतात.

कोतळूकचा मास्तर आणि मिठाचा कर

आपल्या देशात इंग्रजी पद्धतीचं पहिलं बजेट १८६० साली कलकत्त्यात मांडलं गेलं. १८५७चा उठाव दडपताना सरकारवर कर्जाचा डोंगर झाला होता. त्यातून वाट काढायला इंग्लंडहून जेम्स विल्सन नावाचा गृहस्थ आणला. त्यानं बजेट मांडलं आणि त्यातच आपल्याकडे पहिल्यांदा आयकर लावला. ज्यांचा पैसा होता, त्यांना त्या बजेटवर बोलायला जागाच नव्हती. पुढं १८९२च्या कायद्यानं थोडी फट उघडली. कौन्सिलातल्या हिंदी सभासदांना बजेटवर बोलता येऊ लागलं, प्रश्न विचारता येऊ लागले. मत मात्र देता येत नव्हतं. म्हणजे पिशवी बघा, बोला, पण हात लावू नका.

या फटीतून एक माणूस आत गेला. गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली जन्मलेला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारा, अंकगणिताचं पुस्तक लिहिणारा मास्तर. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.

तो काळ कसला होता? १८९६ पासून प्लेगनं माणसं जात होती. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला होता, तोच छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या बोलण्यात राहिला. आणि अशा वेळी सरकार सांगत होतं की आमच्या तिजोरीत शिल्लक पडली आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे हातात घेऊन विचारलं की लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, हे कसं? ही शिल्लक म्हणजे भरभराटीची खूण नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे, असं त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आणि पहिली मागणी केली ती मिठावरचा कर कमी करण्याची.

मीठच का? तर श्रीमंताच्या ताटात आणि गरिबाच्या ताटात मीठ जवळजवळ सारखंच लागतं. म्हणून मिठाचा कर गरिबाला जास्त बोचतो. तेव्हा एका मणाला, म्हणजे सुमारे ३७ किलोला, अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया, १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळं झालं असं म्हणता येणार नाही, पण वर्षानुवर्षं तोच प्रश्न आकड्यांसह विचारणाऱ्या माणसाचा त्यात वाटा होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता. त्यांच्याजवळ पाठ केलेले आकडे होते आणि दर वर्षी परत उभं राहण्याची चिकाटी होती. मिठावरचा कर मात्र पुरता गेला नाही. १९३० मध्ये त्यासाठी देशभर सत्याग्रह झाला. आपल्या कोकणात शिरोड्यालाही झाला. बायका मोठ्या संख्येनं त्या चळवळीत उतरल्या.

स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट २६ नोव्हेंबर १९४७ ला षण्मुखम चेट्टी यांनी मांडलं. १९५० पासून काही वर्षं रायगडच्या मातीतले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. १९७० साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी बजेट मांडलं, ते एका बाईनं मांडलेलं देशाचं पहिलं बजेट. अनेक वर्षं आपले अर्थमंत्रीही चामड्याची बॅग हातात घेऊन संसदेत जात. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ती बॅग ठेवून दिली आणि लाल कापडात बांधलेली वही नेली, दुकानदाराच्या चोपडीसारखी. २०२१ पासून तर कागदही गेला, टॅबलेट आला. दोन हजार वर्षांची चामड्याची पिशवी अशी आपल्या डोळ्यांदेखत गेली.

आपल्या गावची पिशवी

आता आपल्या गावात येऊ. तुमच्या ग्रामपंचायतीचंही दर वर्षी बजेट होतं. पंचायतीच्या दफ्तरात जे नमुने असतात, त्यातला ‘नमुना १’ म्हणजेच अंदाजपत्रक. एका बाजूला जमा. घरपट्टी, पाणीपट्टी, सरकारकडून येणारा निधी. दुसऱ्या बाजूला खर्च. दिवाबत्ती, पाणी, गटार, पगार आणि बाकीची कामं. आपल्या गटाच्या वहीपेक्षा त्यात वेगळं काही नाही, आकडे तेवढे मोठे.

मग “बजेट नाही” याचा अर्थ काय? आम्ही त्याचे तीन अर्थ काढलेत, ते लक्षात ठेवा. पहिला अर्थ, पैसा आलाच नाही. हे खरं असू शकतं. पट्टी वसूल झाली नसेल, निधी अडकला असेल. दुसरा अर्थ, पैसा आला, पण तो दुसऱ्या कामाला लावला. तिसरा अर्थ असा की अंदाजपत्रक झालं तेव्हा तुमचं काम कुणी सांगितलंच नाही, म्हणून ते कागदावर चढलंच नाही. तिन्हींना उत्तर एकच दिलं जातं, पण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात वसुलीबद्दल बोलावं लागेल. दुसऱ्यात कुठलं काम आधी आणि का, हे विचारावं लागेल. तिसऱ्यात पुढच्या वर्षासाठी आतापासून लागावं लागेल. म्हणून यापुढं कुणी बजेट नाही म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा, “यातलं कुठलं नाही?”

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कायद्यातली सभा आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ती कागदोपत्री होते की खरी होते, हे आपण किती जणी जाऊन बसतो यावर आहे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचे असा नियम आहे. त्या सभेत विचारा, आपल्या गावाचं स्वतःचं उत्पन्न किती आणि त्याचे १० टक्के किती होतात, आणि गेल्या वर्षी ते कशावर गेले. आकडा वहीत लिहून घ्या. पंचायतीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा मागणी त्याच्या बरीच आधी, लेखी आणि ठरावात घ्यायला सांगून करावी. मे महिन्यात गेलात तर ताटं वाढून झालेली असतात.

हे सगळं अवघड वाटत असेल, तर आम्ही एक आठवण करून देतो. तुमच्या बचत गटाची बैठक कशी होते? सगळ्याजणी गोल बसतात. पेटी मध्ये ठेवतात. सगळ्यांसमोर उघडतात. पैसे मोठ्यानं मोजतात. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, व्याज किती आलं, हे वाचून दाखवतात. एखादीचा पन्नास रुपयांचा फरक निघाला तरी तो मिटल्याशिवाय कुणी उठत नाही. इंग्लंडच्या सभागृहात बजेट उघडणं म्हणतात ते याहून निराळं काही नाही. तुम्ही ते दर महिन्याला करता. तिथं फक्त पेटी मोठी असते आणि आपल्याला गोलात बसायला कुणी बोलावत नाही, आपणच जाऊन बसावं लागतं.

घरातही एकदा बघा. नऊवारीच्या कनवटीला, तांदळाच्या डब्यात, देवघराच्या मागं आपण पैसे ठेवतो. अडीअडचणीला तेच कामी येतात, त्यात लपवण्याची लाज बाळगू नका. पण घराची मोठी पिशवी, दुधाचे, कापसाचे, उसाचे पैसे, ती कोणासमोर उघडली जाते? बी-बियाण्याला किती गेले, सावकाराला किती, हे घरातल्या बाईला माहीत असतं का? ज्या घरात माहीत नसतं, तिथं कर्जाचा आकडा बाईला कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे आपल्या भागात आपण पुष्कळदा पाहिलं आहे, जास्त बोलायला नको.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देतो. आपल्या ग्रामपंचायतीचं यंदाचं अंदाजपत्रक आपल्यापैकी कुणी पाहिलंय का? नसेल तर कोण दोघी जाऊन मागून आणतील? आणि पुढच्या वर्षी कागदावर चढायलाच हवं असं आपलं एक काम कोणतं? उत्तरं गटाच्या वहीत लिहा आणि आम्हालाही कळवा. ज्या गटांची उत्तरं येतील, ती पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

तोवर नमस्कार, मैत्रिणींनो.